टेकवाडीला गेलेला फोन

१

डॉक्टर शिवांजलीचा उजवा हात मोडला, कॅज्युअल्टीच्या दाराची काच फुटली, सलाइनचे स्टँड वाकले. आणि ज्याच्यासाठी हे सगळं रामायण झालं, तो छातीत कळ आली म्हणून आणलेला टेकवाडीचा तानाजी त्याच गोंधळात कॉटवरच दगावला. भर दुपारची गोष्ट. मारणारे सगळे तानाजीच्याच भावकीतले. पोलिसांनी संध्याकाळपर्यंत हाताला लागले तेवढे उचलले आणि त्यांच्यापुरतं प्रकरण मिटलं.

शिराळ्याकडून कराडला येणाऱ्या रस्त्यावरचं हे ट्रस्टचं हॉस्पिटल. ट्रस्टच्या डोक्याला वेगळाच भुंगा लागला होता. टेकवाडीची माणसं टेम्पो भरून आली ती ओरडतच आली, “माणूस कवाच मेलाय आन ही मढ्यावर इलाज करत्यात!” डॉक्टरीणबाईंनी तर तोवर कुणाला चकार शब्द सांगितला नव्हता. त्या तानाजीच्या छातीवर दाब देत होत्या. मग गावाला कळवलं कुणी?

संशय आला गुंडावर. गुंडा म्हणजे कॅज्युअल्टीतला वॉर्डबॉय, टेकवाडीचाच, तानाजीचा सख्खा चुलतभाऊ. टेम्पो यायच्या आधी तो मागच्या बोळात फोनवर बोलताना दिसला होता. काय बोललास, असं विचारलं तर तोंडात मिठाची गुळणी. सोमवारच्या मीटिंगमध्ये त्याला कामावरून काढायचं जवळजवळ ठरलं होतं, आणि असा डाग लागलेल्या माणसाला दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलनं दारात उभं केलं नसतं.

ट्रस्टच्या अध्यक्षांनी सांगलीला फोन लावला, तो विजयमालाबाईंना. बाई या हॉस्पिटलच्या जुन्या मेट्रन. निवृत्त झाल्यापासून मुलाकडं राहायच्या. मुलगा कुपवाडच्या कारखान्यात, सून शाळेत, त्यामुळं बाईंच्या पुढ्यात त्या वेळी मेथीची जुडी होती.

“एकदा येऊन बघून जावा, बाई. तुमचं सगळी ऐकतात.”

“माझं माझे गुडघेसुद्धा ऐकत नाहीत आता,” बाई म्हणाल्या. पण गुंडाला कामाला लावलं होतं त्यांनीच, धुतलेल्या हातानं पट्टी कशी उचलायची तेही शिकवलं होतं त्यांनीच. सकाळी उठून त्यांनी एसटी पकडली.

२

हॉस्पिटलचे अधीक्षक डॉक्टर वीरधवल. बाईंच्या हाताखाली शिकाऊ डॉक्टर म्हणून आलेला पोरगा, आता कानावरचे केस पांढरे झालेले. चारचौघांत बाई त्यांना अहोजाहो करायच्या, एकट्यात अरेतुरे.

“किती वाळलास रे,” बाई खुर्चीत टेकत म्हणाल्या.

“बाई, दोन वर्षांत इथं एकाही माणसावर हात उठला नव्हता. सांगलीच्या बैठकीत माझी पद्धत सांगायला बोलावलं होतं मला. सगळं पाण्यात गेलं.”

“काय पद्धत?”

“साधी आहे. नातेवाईक दाराबाहेर. आतल्या कुणीही त्यांच्याशी एक अक्षर बोलायचं नाही, चांगलं नाही, वाईट नाही. बोलेन तो मी. बातमी फुटली की माणसं जमतात, आणि जमली की मार. म्हणून बातमीच फुटू द्यायची नाही. गुंडानं फोडली.”

“तुला खात्री आहे?”

“दुसरं कोण असणार?” असं म्हणून साहेबांनी टेबलावरची पेनं नीट लावायला घेतली. ती आधीच नीट होती.

बाई तिथून उठून हॉस्टेलवर गेल्या. डॉक्टर शिवांजली प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून बसली होती आणि डाव्या हातानं बॅग भरत होती. वय ते काय, बाईंच्या नातीपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल.

“नोकरी सोडून चाललीस?”

“माहीत नाही, बाई. मला कुणाचा रागसुद्धा येत नाही. झोप येत नाही फक्त.”

“गुंडानं दगा दिला असं वाटतं तुला?”

“गुंडादादा?” ती एवढंच म्हणाली आणि बराच वेळ बॅगेच्या चेनशी झटत राहिली. “ते माझ्याबरोबर होते. मी दाबून दाबून थकले तेव्हा त्यांनी हात लावला. मग मी त्यांना आयसीयूत कॉट तयार ठेवा म्हणून सांगायला पाठवलं. ते परत आले आणि लगेच दार फुटलं. तानाजीचा भाऊ पुढं होता. त्यानं माझा हात धरून मला ओढलं आणि…”

“आणि काय?”

“काही नाही. मग हात मोडला.”

पोरीचा चेहरा बघून बाईंनी पुढं विचारलं नाही. तिच्या बोलण्यात एक गोष्ट अशी होती की आयुष्यभर कॅज्युअल्टीत उभ्या राहिलेल्या बाईला ती तिथल्या तिथं टोचायला हवी होती. पण एसटीनं अंग आंबलेलं, सकाळचा चहा नाही. बाईंच्या कानावरून ती गेली.

३

मागच्या दाराचा पहारेकरी जोतीराम, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. बोलताना अजून टाच जुळवायचा.

“म्या सोता बघितलं, बाई. त्या भिताडाला टेकून फोनवर बोलत हुता. आन सांगू का? हसत हुता! सख्ख्या चुलतभावाचं मयत आन ह्यो गडी दात काढतोय. मला तर लय किळस आली.”

“हसत होता? नक्की?”

“डोळं पुसत हुता आन हसत हुता. नाटकी गडी.”

“आणि टेम्पो किती वेळानं आला?”

“वेळ कसला? गुंडा आत गेला, म्या तंबाखू मळली, तोंडात टाकायच्या आत टेम्पो गेटात. लगीच आला.”

बाई त्याच्याकडं बघतच राहिल्या. टेकवाडी काय पलीकडच्या गल्लीत होती? डोंगराकडचा रस्ता, वाटेत उसाच्या गाड्या. टेम्पोला अर्धा-पाऊण तास सहज लागणार. म्हणजे गुंडानं फोन कानाला लावला तेव्हा माणसं अर्ध्याहून जास्त वाट तुडवून आली होती. त्याच्या फोननं ती निघालेलीच नव्हती!

एवढी सरळ गोष्ट, पण कुणी विचारलीच नाही. सगळ्यांना एक माणूस हवा होता आणि तो सापडला होता.

गुंडा कँटीनच्या मागं दगडावर बसला होता. बाईंना बघून उठला, पाया पडला.

“गुंडा, टेम्पो तुझ्यामुळं आला नाही, हे मला कळलंय. आता फोनवर काय बोललास तेवढं सांग, म्हणजे सोमवारी मी सगळ्यांची तोंडं बंद करते.”

“न्हाई सांगायचं, बाई.”

“अरे पोरा, नोकरी जाईल तुझी. वर गावभर म्हणतील, ह्यानंच डॉक्टरला मारायला लावलं.”

“म्हनू द्या. काढू द्या कामावरनं. उसाच्या तोडीला जाईन.” त्याचे डोळे भरले. “तुमच्या पाया पडतो, पन हे इचारू नका. मला इचारलं तर मी डोस्कं फोडून घेईन.”

बाईंनी कपाळाला हात लावला. निर्दोष माणूस स्वतःला वाचवायला तयार नाही, असली केस त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

४

दुसऱ्या दिवशी बाई टेकवाडीला गेल्या. तानाजीच्या घरासमोर बायका बसल्या होत्या. मधे त्याची आई धोंडुबाई. रडून रडून आवाज बसलेला. बाई जवळ जाऊन बसल्या, पाठीवरून हात फिरवला.

“मी दवाखान्याच्या दारातच हुते वो, बाई,” धोंडुबाईनंच सुरुवात केली. “आत सोडनात, काय सांगनात. इचारलं की म्हनायचं, इलाज चाललाय. मी देवाला हात जोडून बसले हुते. आन हकडं माझ्या गल्लीतल्या चुली इझल्या हुत्या! गावाला कळलं, आन आईला न्हाई.”

“गावाला कसं कळलं?”

“फोन आला. दवाखान्यातनं.”

“कुणाचा?”

आजूबाजूच्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. त्यांतली एक म्हातारी म्हणाली, “नाव न्हाई सांगायचं, असं भावकीनं ठरवलंय. त्या बापड्यानं आमच्यावर उपकार केलं. त्याची भाकरी कशाला मोडायची?”

“गुंडा होता का?”

“गुंडा न्हवं,” म्हातारी पटकन म्हणाली. “पन त्यापुढं इचारू नका.”

“बरं, नाव नको. फोन आल्यावर तुम्ही काय केलंत, तेवढं सांगा.”

“काय करनार? गड्यांनी आधी शेनी-लाकडं मसनवटीत नेऊन टाकली. मग अर्जुनाला फोन लावला, धोंडुबाईचा धाकटा ल्योक, तो दवाखान्यातच हुता. म्हनलं, हकडची तयारी झाली, कवा निघताय? अर्जुनाला कायच ठावं न्हाई. त्यानं दारावर जाऊन इचारलं, तर आतनं तेच, इलाज चाललाय. मग त्याचं डोस्कं फिरलं. म्हनला, मेलेला मानूस ठिवून घेतलाय, समदी या.”

सगळी हकिगत कळली, आणि बाईंना त्या मारणाऱ्यांचाही पुरता राग येईना. उंबऱ्यात गुंडाची बायको पल्लवी उभी होती. बाईंनी तिला विचारलं, “गुंडाचा फोन तुलाच आला होता ना?” पल्लवीनं पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली.

फाट्यावर एसटीची वाट बघत बाई दगडावर बसल्या. त्यांच्या मनातून ती लाकडं जाईनात. घरचा माणूस गेला असं कुणी कळवलं, तर लोक आधी दवाखान्याकडं धावतात. ही माणसं आधी लाकडाकडं गेली. का? कारण फोनवरचा माणूस लाकडाचंच बोलला असणार. आणि मयताच्या बातमीत लाकडाची चौकशी कोण करतं? नातेवाईक नाही, नर्स नाही, वॉर्डबॉय नाही.

जो मयत घेऊन येणार असतो, तो करतो!

५

शववाहिकेचा ड्रायव्हर तात्याबा गाडी धूत होता. त्याला काही लपवायचं आहे असं वाटतच नव्हतं.

“आवं बाई, मी दर खेपेला आधी फोन टाकतो. मयत घेऊन गेलं आन लाकडं न्हाईत, की गाडी आडकून पडती. लोक झाडं तोडाय जात्यात, बायका रडून दमत्यात. त्यापरीस आधी सांगितल्यालं बरं. टेकवाडीच्या पोलीस पाटलाला म्हनलं, तानाजीला आनतोय, शेनी-लाकडं टाकून ठिवा.”

“आणि तुला कुणी बोलावलं?”

“मोठ्या सायबांनी. पेशंट आत नेला तवाच फोन आला, गाडी मागच्या दाराला लावून ठिव. हल्ली तसंच असतंय.”

“पेशंट तेव्हा जिवंत होता, तात्याबा.”

तात्याबाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. “मला म्हाईत हाय का ते? जित्या माणसासाठी कोन मयताची गाडी बोलवतं? मारामारी झाल्यावर कळलं. तवाच जाऊन सायबांना सांगितलं. म्हनले, तू गप ऱ्हा.”

बाई जिना चढून वर गेल्या. गुडघे बोंबलत होते. त्यांनी तिकडं लक्ष दिलं नाही. साहेबांच्या खोलीचं दार त्यांनी आतून लावून घेतलं.

“तात्याबाला भेटून आले,” एवढंच म्हणाल्या.

वीरधवल खुर्चीत मागं टेकले. त्यांनी नाकारलं नाही. कदाचित कुणीतरी येऊन हे विचारावं, याची ते वाटच बघत असावेत.

“बॉडी पंधरा मिनिटांत बाहेर काढायची, माणसं जमायच्या आत. माझ्या पद्धतीचा तोच मुख्य भाग होता, बाई. पेशंट जाणार असं दिसलं की गाडी लावून ठेवायची. दोन वर्षं चाललं. तुम्हाला आठवतं, शिकाऊ असताना मला भिंतीशी धरून मारलं होतं? तुम्हीच टाके घातलेत. तेव्हापासून मला एकच कळतं. माझ्या माणसांना मार बसता कामा नये.”

“आणि गुंडा तुझा माणूस नाही?”

साहेबांची नजर खिडकीकडं गेली.

“कळलं तुला त्याच दिवशी. त्यानंतर रोज तो पोरगा त्या दगडावर बसलेला या खिडकीतून दिसत होता तुला.”

“मी बोललो असतो, तर उद्यापासून माझ्या शब्दावर या कॅज्युअल्टीत कोण उभं राहिलं असतं?”

“तू उभा राहायचंस,” बाई म्हणाल्या. त्यांना फार थकल्यासारखं झालं. “बाहेर जाऊन त्या म्हातारीशी दोन शब्द बोलायचे, एवढंच होतं रे. घरचा एक माणूस कॉटपाशी उभा केला असतास, तर त्यानं डोळ्यांनी बघितलं असतं पोरगी कशी झटतेय ते. तू सगळ्यांची तोंडं शिवलीस. माणूस आंधळा झाला की हाताला येईल ते फेकतो.”

बाई जायला उठल्या आणि दारातच थांबल्या. सगळं उलगडलं, मग गुंडाचं काय राहिलं? तो फोनवर हसत का होता? आणि त्याच क्षणी त्यांना शिवांजलीचं बोलणं आठवलं.

आयसीयूत कॉट. जाणाऱ्या माणसासाठी कुणी आयसीयूत कॉट तयार ठेवायला सांगत नाही.

६

गुंडा त्याच दगडावर होता. बाई त्याच्या शेजारी बसल्या, आवाज खाली आणला.

“नाडी लागली होती ना रे?”

गुंडानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आतून जो आवाज निघाला तो ऐकून बाईंनाही रडू आलं.

“लागली हुती, बाई. म्याडमनी माझं बोट धरून त्याच्या मानंला लावलं. उडत हुती! म्हनल्या, पळा दादा, आयसीयूला सांगा. काकू दाराच्या पलीकडंच बसली हुती. एक हाक मारली असती तर… पन बोलायचं न्हाई असा हुकूम. म्हून मागनं पल्लवीला फोन केला. म्हनलं, तान्या जगतोय, देवापुढं साखर ठिव.” त्यानं नाक पुसलं. “परत आलो, आन समदी आत घुसली. अर्जुनानं म्याडमना वढलं, मला दोघांनी भिताडाला दाबलं. श्वासाची नळी निघाली, काय करायला कुनाचा हात मोकळा न्हवता. मी वरडत हुतो, जित्ता हाय, जित्ता हाय. त्या गलक्यात कोन ऐकतंय?”

“म्हणून गप्प बसलास.”

“काय सांगू, बाई? मी हसत का हुतो हे सांगायचं म्हनजे अर्जुनाला सांगायचं, की तूच तुझ्या भावाला… काकू तर पोटच्या पोराचं तोंड बघनार न्हाई पुन्यांदा. एक ल्योक गेला तिचा. दुसरा मी न्यायचा व्हय?”

आत्ताच वर जाऊन, बातमी लपवली म्हणून एका शहाण्या माणसाला बाई फाडून आल्या होत्या. त्यांनी गुंडाचा हात आपल्या हातात घेतला आणि दोघं तसेच बसून राहिले.

७

सोमवारी मीटिंगमध्ये वीरधवल उभे राहिले आणि गाडीचं सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, तात्याबाचं नाव पुढं न करता. राजीनामाही दिला. ट्रस्टींनी तो ठेवून घेतला आणि म्हणाले, आधी दार उघडा, मग बघू. त्याच दिवसापासून पेशंटच्या घरचा एक माणूस कॉटपाशी उभा राहील असं ठरलं. गुंडाला कामावर ठेवलं.

“पण तो फोनवर काय बोलत होता, ते राहिलंच,” अध्यक्ष म्हणाले.

“घरचं होतं,” बाई म्हणाल्या. “नवराबायकोचं बोलणं. तुम्हाला कशाला हवं ते?”

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. टेबलाच्या पलीकडं बसलेल्या शिवांजलीनं त्यांच्याकडं पाहिलं, आणि बाईंना सगळं ठाऊक आहे हे तिला कळलं.

मीटिंग संपून सगळे खाली आले तर कॅज्युअल्टीच्या दारात अर्जुना उभा. जामिनावर सुटून तडक आलेला, अंगावर तेच कपडे. धोंडुबाई गेटापाशी झाडाखाली बसली होती. जोतीराम पुढं सरसावला, पण शिवांजलीनं त्याला थांबवलं.

अर्जुनानं वाकून तिच्या पायाला हात लावला. ती मागं सरली.

“चूक झाली, म्याडम. गाडीचं कळलं आमाला. माफी मागायचं तोंड न्हाई माझं. पन एकच इचारतो. आई सारखी इचारती, मला झोप लागंना.” त्यानं प्लास्टरकडं पाहिलं आणि मान खाली घातली. “आमी आत आलो तवा… तानाजी गेलाच हुता न्हवं?”

गुंडा ट्रॉलीचा दांडा धरून उभा होता. त्यानं वर पाहिलं नाही. बाईंनी शिवांजलीकडं पाहिलं. हे सांगायचा हक्क त्यांचा नव्हता.

“हो,” शिवांजली म्हणाली. “तुम्ही यायच्या आधीच गेला होता. तुमच्यामुळं काही झालं नाही.”

अर्जुनानं हात जोडले, तोंडावरून पंजा फिरवला, आणि आईला सांगायला गेटाकडं पळत गेला.